पिंजऱ्याखालचा गाळ: माशांना दिलेलं अँटिबायोटिक शेवटी जातं कुठे?

आजारी मासा खात नाही. एवढी एक गोष्ट आधी लक्षात घेतली की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

गाय आजारी पडली तर डॉक्टर येऊन तिला इंजेक्शन देतो. समुद्रात जाळ्याच्या पिंजऱ्यात हजारो मासे पोहत असतील आणि त्यांच्यात जिवाणूंचा रोग शिरला, तर एकेकाला पकडून सुई टोचत बसणं शक्य नसतं. म्हणून औषध खाद्यात मिसळतात. खाद्याच्या गोळ्यांना औषध चोपडायचं, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि आठ-दहा दिवस तेच खाद्य टाकत राहायचं. पण ज्या माशांना औषधाची सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच भूक मेलेली असते. गोळी तोंडासमोरून गेली तरी ते तिच्याकडे बघत नाहीत. ती जाळ्याच्या तळातून निसटते आणि समुद्राच्या तळाशी जाऊन बसते. धडधाकट मासे खातात, पण त्यांनी गिळलेल्या औषधाचाही मोठा हिस्सा विष्ठेवाटे बाहेर पडतो. तोही खालीच जातो.

खाली असतो गाळ. त्या गाळात औषधाचं पुढे काय होतं, हा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे विचारला गेला तो १९८०च्या दशकात, नॉर्वे आणि त्याच्या आसपासच्या थंड समुद्रांत. तिथे सॅमन माशाची शेती झपाट्याने वाढत होती. (आपल्याकडे हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावस आणि सॅमन यांचं काही नातं नाही. सॅमन थंड पाण्यातला, नदीत जन्मून समुद्रात वाढणारा मासा.) १९८७ साली नॉर्वेत सुमारे पन्नास हजार टन मासा पाळून तयार झाला आणि त्यासाठी जवळपास ४९ टन अँटिबायोटिक खर्ची पडलं. म्हणजे दर टन माशामागे जवळपास एक किलो शुद्ध औषध.

त्या काळातलं सर्वांत लाडकं औषध म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लीन. स्वस्त, जुनं, ओळखीचं. त्याची मात्रा साधारण अशी: दर किलो माशाला रोज ७५ मिलिग्रॅम, दहा दिवस. आता हिशेब करून पाहू. एका पिंजऱ्यात १०० टन मासा आहे असं धरा. रोजचं औषध झालं साडेसात किलो, दहा दिवसांचं ७५ किलो. रेनबो ट्राउट या सॅमनच्याच कुळातल्या माशावर मोजणी झाली तेव्हा खाल्लेल्या ऑक्सिटेट्रासायक्लीनपैकी दहा टक्केसुद्धा आतड्यातून शरीरात शोषलं गेलं नव्हतं. म्हणजे आपल्या हिशेबातल्या ७५ किलोंपैकी साठ किलोंहून जास्त औषध एका उपचारात, एका पिंजऱ्याखाली, समुद्राच्या हवाली होतं.

इतकं कमी का शोषलं जातं? याचं उत्तर आपल्या घरातच आहे. टेट्रासायक्लीन गटातली गोळी देताना डॉक्टर बजावतात की दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. या औषधाचा रेणू कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट मिठी मारतो आणि एकदा ती मिठी बसली की तो आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जात नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि समुद्रातला मासा ते पाणी सतत पीत असतो. तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या माशाला ऑक्सिटेट्रासायक्लीन देणं म्हणजे प्रत्येक गोळी दुधाच्या पेल्याबरोबर देण्यासारखं आहे. ही मिठी पुढेही आपल्याला भेटणार आहे, म्हणून ती लक्षात असू द्या.

आता गाळाकडे. कोकणात खाडीकाठी वाढलेल्या कुणालाही हा गाळ समजावून सांगावा लागत नाही. ओहोटीला चिखलात पाय रुतला की वर तपकिरी पातळ थर, त्याखाली काळाकुट्ट चिखल, आणि पाय उपसला की कुजलेल्या अंड्यांचा वास. वरच्या तपकिरी थरापर्यंत पाण्यातला ऑक्सिजन पोहोचतो. खालच्या काळ्या थरात तो पोहोचत नाही. तिथे वेगळ्याच जिवाणूंचं राज्य असतं. ते ऑक्सिजनऐवजी पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचा, आणि काळा रंग त्यातून तयार झालेल्या लोखंडाच्या सल्फाइडचा.

माशांच्या पिंजऱ्याखाली हेच घडतं, पण कितीतरी जोरात. वरून रात्रंदिवस विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य पडत असतं. ते कुजवायला जिवाणू तुटून पडतात, असेल नसेल तेवढा ऑक्सिजन संपवतात, आणि काळा थर वर सरकत सरकत थेट पृष्ठभागाला येऊन टेकतो. त्यावर काही ठिकाणी पांढऱ्या कापसासारखी साय धरते. ती सल्फाइडवर जगणाऱ्या बेगियाटोआ नावाच्या जिवाणूंची. गाळ उकरणारे, बिळं करणारे किडे गुदमरून मरतात किंवा निघून जातात. त्यांचं जाणं वाटतं त्यापेक्षा महागात पडतं. ते किडे म्हणजे तळाचे नांगरणी करणारे शेतकरी. तेच गाळ खालीवर करतात, तेच बिळांतून पाणी खेळवतात. ते गेले की खाली गेलेली वस्तू खालीच राहते.

अशा गाळात औषध किती काळ टिकतं? शास्त्रज्ञ हे ‘अर्धायुष्या’त मोजतात. शंभर भागांचे पन्नास व्हायला जेवढा वेळ लागतो ते अर्धायुष्य. पुढे तेवढ्याच वेळात पन्नासाचे पंचवीस, पंचवीसाचे साडेबारा. आणि इथेच माझ्या मते या विषयातली सर्वांत उद्बोधक गोष्ट येते. १९९० साली फिनलंडच्या संशोधकांनी दोन मत्स्यशेतांखालच्या गाळातलं ऑक्सिटेट्रासायक्लीन मोजलं. औषध तेच. पण एका ठिकाणी अर्धायुष्य निघालं ९ दिवस आणि दुसऱ्या ठिकाणी ४१९ दिवस.

या दोन आकड्यांचा अर्थ डोळ्यांसमोर आणू. तीन महिन्यांनी पहिल्या गाळात मूळ औषधाचा हजारावा भाग उरलेला असेल, म्हणजे जवळजवळ काही नाही. दुसऱ्या गाळात तेव्हाही शंभरातले ८६ भाग शिल्लक असतील. आणि मत्स्यशेतीत रोग काही एकदाच येऊन थांबत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी पुढच्या उपचाराची भर आधीच्या साठ्यावर पडत जाणार. आयर्लंडमध्ये गॉलवेच्या संशोधकांनी एका सॅमन शेताखाली मोजलं तेव्हा अर्धायुष्य दोन आठवड्यांच्या आसपास आलं. नॉर्वेत काही ठिकाणी ते काही महिन्यांचं निघालं. जो कुणी ‘ऑक्सिटेट्रासायक्लीन गाळात इतके दिवस टिकतं’ असा एकच आकडा सांगेल, त्याला आधी विचारावं: कुठल्या गाळात?

हा फरक का पडतो ते पाहू, कारण सगळं मर्म त्यात आहे.

एक तर उजेड. टेट्रासायक्लीन प्रकाशात तुटतं. पाण्याच्या वरच्या थरात, उन्हात, ते फार काळ टिकत नाही. पण तळाशी अंधार असतो, आणि गाळात तर पूर्ण अंधार. निसर्गातला हा मोठा सफाई कामगार तिथे पोहोचतच नाही. दुसरं म्हणजे चिकटणं. चिखलाचे बारीक कण ऋणभारित असतात, औषधाचा रेणू कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून असतो, आणि तेच धातू मधला पूल बनून औषधाला मातीच्या कणाशी बांधून टाकतात. कुजलेला सेंद्रिय भाग जितका जास्त, तितक्या बांधायच्या जागा जास्त. तिसरं म्हणजे पाण्याची हालचाल. जिथे तळाशी प्रवाह खेळता आहे, किडे जिवंत आहेत, तिथे औषध हळूहळू गाळातून सुटून पाण्यात जातं आणि वाहून जातं. जिथे पाणी साचलेलं, ऑक्सिजन शून्य, तिथे ते पडून राहतं. फिनलंडमधलं ४१९ दिवसांचं शेत हे असंच साचलेल्या पाण्याचं होतं. आणि चौथं, पुरलं जाणं. आज पडलेली औषधी गोळी उद्याच्या विष्ठेखाली जाते, परवाच्या खाद्याखाली जाते. काही आठवड्यांत ती पृष्ठभागापासून कित्येक सेंटिमीटर खाली असते.

पुरलं गेल्यावर काय होतं, ते नॉर्वेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसलं. समुद्री गाळात वेगवेगळी औषधं मिसळून १८० दिवस नजर ठेवली गेली. ऑक्सिटेट्रासायक्लीन, ऑक्सोलिनिक ॲसिड, फ्लुमेक्विन आणि सॅराफ्लॉक्सासिन ही चार औषधं गाळाच्या खालच्या थरात सहा महिन्यांनीही जवळजवळ जशीच्या तशी होती. त्यांचं अर्धायुष्य तीनशे दिवसांहून जास्त असावं असा अंदाज निघाला. वरच्या थरातून मात्र ती बरीच लवकर कमी झाली. पण कमी होण्याचं कारण काय? संशोधकांचा निष्कर्ष असा की औषध बहुतेक करून तुटलं नव्हतं, विरघळून बाहेर झिरपलं होतं. त्याच प्रयोगात सल्फाडायझिन आणि ट्रायमेथोप्रिम सुमारे अडीच-तीन महिन्यांच्या अर्धायुष्याची निघाली, तर फ्लोरफेनिकॉल हे औषध अवघ्या साडेचार दिवसांत अर्धं झालं. फ्लोरफेनिकॉलचं नाव लक्षात ठेवा, चिलीत त्याच्याशी पुन्हा गाठ पडेल.

‘औषध गाळातून गेलं’ या एका वाक्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि सरकारी अहवालांत त्यांची सरमिसळ झालेली पाहिली की मला अस्वस्थ वाटतं. औषधाचा रेणू खरोखर तुटून निकामी झाला असेल, तर ते गेलं. ते फक्त झिरपून पाण्यात उतरलं असेल, तर ते इथून गेलं, पण दुसरीकडे पोहोचलं. आणि ते मातीला इतकं घट्ट चिकटलं असेल की तपासणीत सुटूनच येत नाही, तर ते गेलेलंच नाही, फक्त दिसेनासं झालंय.

या तिसऱ्या अवस्थेची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाळात औषध आहे म्हणजे ते तिथे जिवाणू मारत आहे असं नाही. नॉर्वेच्या बर्गेनमधल्या संशोधकांनी १९९० सालीच दाखवलं की समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जोडी जमल्यावर ऑक्सिटेट्रासायक्लीनची जिवाणूंवरची ताकद खूप घटते. दुधाच्या पेल्याची गोष्ट परत आली. त्यामुळे रासायनिक तपासणीत भरपूर औषध सापडतं आणि त्याच गाळाचा नमुना जिवाणूंवर टाकून पाहिला तर परिणाम फारसा दिसत नाही, असं होऊ शकतं. मत्स्यशेती कंपन्यांच्या बाजूने बोलणारे लोक या मुद्द्यावर भर देतात आणि तो मुद्दा चूक नाही. पण तो सगळ्या औषधांना सारखा लागू नाही. ऑक्सोलिनिक ॲसिड आणि फ्लुमेक्विन ही क्विनोलोन गटातली औषधं फार टिकाऊ असतात. गाळातले सल्फेटवाले जिवाणू औषधाच्या तडाख्यात मंदावतात हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे जे जिवाणू तळाचा कचरा कुजवून संपवणार, त्यांच्याच कामात खीळ बसते.

आणि गाळात फक्त जिवाणू राहत नाहीत. पिंजऱ्याखाली फुकटचं जेवण पडतं हे आसपासच्या सगळ्या जिवांना ठाऊक असतं. जंगली मासे तिथे गोळा होतात, चिंबोऱ्या येतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड नावाची समुद्राची मोठी शाखा आहे. तिथल्या सॅमन शेतांखाली १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासात लाल खडपी चिंबोऱ्यांच्या मांसात ऑक्सिटेट्रासायक्लीन सापडलं, तेही तेव्हा खाण्यालायक माशासाठी मान्य असलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर. कालवांत मात्र ते नाममात्रच होतं. नॉर्वेत औषधोपचार चालू असलेल्या शेतांभोवतीच्या जंगली माशांत ऑक्सोलिनिक ॲसिड मिळालं.

ही गोष्ट मला फार बोचते. पिंजऱ्यातल्या माशाला औषध दिलं की कायद्याने काही दिवस थांबावं लागतं. औषध अंगातून उतरल्याशिवाय तो मासा बाजारात आणता येत नाही. हा नियम चांगला आहे, आणि खाणाऱ्याच्या भल्याचा आहे. पण पिंजऱ्याखाली खाऊन गेलेल्या चिंबोरीला असा काही काळ नाही. ती आज खाली होती, उद्या कुणा कोळ्याच्या जाळ्यात असेल. तिच्या अंगात औषध आहे हे पकडणाऱ्यालाही माहीत नसतं.

आतापर्यंत आपण औषधाचा माग काढला. पण औषध गेल्यानंतर मागे काहीतरी वेगळंच राहतं, आणि त्याला अर्धायुष्य नसतं.

जिवाणूंच्या प्रचंड गर्दीत काही थोडे असे असतात की ज्यांच्याकडे एखाद्या अँटिबायोटिकला तोंड देण्याची युक्ती आधीच असते. कुणी औषध बाहेर फेकणारा पंप बाळगतो, कुणी ते तोडणारं विकर. ही युक्ती त्यांच्या जनुकांत लिहिलेली असते. औषध आलं की बाकीचे मागे पडतात आणि हे पुढे सरकतात. इथवर शाळेत शिकलेलं असतं. पण खरी अडचण पुढची आहे. जिवाणू ही जनुकं फक्त आपल्या पिलावळीला देत नाहीत, शेजाऱ्यांनाही देतात, आणि शेजारी अगदी वेगळ्या जातीचा असला तरी देतात. जनुकाची छोटी सुटी वर्तुळं, प्लाझ्मिड त्यांचं नाव, एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. पिंजऱ्याखालचा गाळ म्हणजे खाऊन-पिऊन तट्ट फुगलेले, एकमेकांना खेटून बसलेले जिवाणू. अशी देवाणघेवाण व्हायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. शिवाय जाळ्यांवर शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावलेलं तांबं आणि खाद्यातलं जस्तही त्याच गाळात साठतं. काही जिवाणूंत धातू सहन करण्याची जनुकं आणि औषध सहन करण्याची जनुकं एकाच प्लाझ्मिडवर शेजारी शेजारी असतात. मग औषध संपलं तरी धातू त्यांना पोसत राहतो.

गॉलवेच्या गटाने इथे एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली. समुद्राचं पाणी आणि गाळ भरलेल्या टाक्यांत त्यांनी औषध न टाकता काही काळ नजर ठेवली, तरी ऑक्सिटेट्रासायक्लीनला दाद न देणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढलेली दिसली. म्हणजे गाळात प्रतिकारक जिवाणू सापडले की लगेच ‘हा औषधाचाच प्रताप’ असं म्हणता येत नाही. अन्नाचा सुकाळ आणि बदललेली परिस्थितीही काही जिवाणूंना वर आणते. फिनलंडच्या किनाऱ्यावर, बाल्टिक समुद्रातल्या द्वीपसमूहात, संशोधकांनी मत्स्यशेतांखालचा गाळ वर्षानुवर्षं तपासला. गाळात औषध फारसं मिळत नव्हतं, पण टेट्रासायक्लीनला तोंड देणारी जनुकं मिळतच राहिली. पुढे त्यांनी माशांच्या आतड्यातली जनुकं आणि गाळातली जनुकं जुळवून पाहिली आणि ती बरीच सारखी निघाली. माशाच्या पोटातच प्रतिकारक जिवाणू तयार होतात आणि विष्ठेबरोबर वर्षभर खाली पडत राहतात. गाळाला ही रसद औषध चालू असतानाही मिळते आणि बंद असतानाही.

ही जनुकं माणसापर्यंत येतात का? एक उदाहरण सांगतो. फ्लोरफेनिकॉलला निकामी करणारं ‘फ्लो-आर’ हे जनुक १९९६च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं ते माशांच्या एका रोगजंतूत. काही वर्षांतच त्याच घराण्यातलं जनुक माणसांना आजारी पाडणाऱ्या साल्मोनेलाच्या एका बदनाम वाणात सापडलं. दुसरं उदाहरण ‘क्यूएनआर-ए’चं. दवाखान्यांतल्या जिवाणूंत क्विनोलोन औषधांविरुद्ध पसरलेलं हे जनुक मूळचं कुठलं, याचा शोध २००५ साली शेवानेला नावाच्या समुद्री जिवाणूपर्यंत पोहोचला. समुद्रातले जिवाणू आणि दवाखान्यातले जिवाणू यांच्यात भिंत नाही, एवढं यातून नक्की कळतं. अमुक रुग्णाचा संसर्ग तमुक पिंजऱ्यातून आला असं मात्र यातून सिद्ध होत नाही, आणि तसं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नये.

हा वाद सगळ्यात तापलेला आहे तो चिलीत. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा लांबट देश सॅमन उत्पादनात नॉर्वेनंतर जगात दुसरा. गंमत म्हणजे सॅमन मूळचा तिथला नाहीच. उत्तर गोलार्धातून नेऊन वसवलेला. १९८९ साली पोर्तो मोंतच्या परिसरात पिसिरिकेटसिया नावाच्या जिवाणूचा रोग उघड झाला आणि तेव्हापासून त्याने तिथल्या मत्स्यशेतीची पाठ सोडलेली नाही. २०१४ साली चिलीच्या सॅमन शेतीत तब्बल ५६३ टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. नंतर ते कमी झालं, पण अलीकडच्या वर्षांतही ३५० टनांच्या आसपास आहे. त्यातलं जवळजवळ सगळं फ्लोरफेनिकॉल.

आता आठवा: फ्लोरफेनिकॉल गाळात साडेचार दिवसांत अर्धं होतं. मग काळजी कसली? काळजी अशी की एकच उपचार नसतो. एका शेतात संपतो तेव्हा शेजारच्या शेतात सुरू झालेला असतो. गळक्या नळाखालची बादली कितीही वेळा रिकामी केली तरी तिच्यात पाणी असतंच, तसं. कमी टिकणारं औषध सारखं येत राहिलं तर गाळातल्या जिवाणूंच्या दृष्टीने ते कायमचंच असतं. चिलीतल्या कालबुको भागात एका सॅमन शेताजवळचा आणि तिथून आठ किलोमीटर दूरचा गाळ तपासला, तेव्हा दोन्ही ठिकाणी प्रतिकारक जिवाणू मिळाले आणि दोन्ही ठिकाणी फ्लुमेक्विन मिळालं. २०१२ साली हे निष्कर्ष आले. ज्या जागेला ‘शेतापासून लांबची, स्वच्छ’ म्हणून तुलनेसाठी निवडलं, तीच स्वच्छ नव्हती. गाळाच्या अभ्यासातली ही मोठी पंचाईत आहे: तुलना करायची कुणाशी?

नॉर्वेने यातून वाट कशी काढली? गाळ साफ करून नाही. तळातला गाळ उपसून औषध काढणं हा उपाय म्हणून कुणीच गांभीर्याने घेत नाही, कारण उपसताना सगळंच पाण्यात मिसळतं. त्यांनी औषध वरूनच बंद केलं. हित्रा बेटाच्या नावाने ओळखला जाणारा थंड पाण्यातला रोग आणि फुरुंक्युलोसिस हे दोन जिवाणूजन्य रोग त्यांना पोखरत होते. दोन्हींवर लसी तयार झाल्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तेलात घोळवलेली, पोटात टोचायची लस आली. आणि हो, एकेक मासा पकडून सुई टोचणं अशक्य असं मी सुरुवातीला म्हणालो होतो, ते समुद्रातल्या पिंजऱ्यापुरतं. समुद्रात सोडण्याआधी, गोड्या पाण्याच्या टाक्यांत मासा लहान असताना, त्याला भूल देऊन एकेकाला टोचता येतं, आणि नॉर्वेत कोट्यवधी पिल्लांना तसं टोचतात. शिवाय वेगवेगळ्या वयाचे मासे एका जागी ठेवायचे नाहीत, आणि एक पीक काढलं की ती जागा काही महिने पडीक ठेवायची, असे नियम झाले. जमीन पडीक टाकतात तशी समुद्राची जागाही पडीक टाकायची. आज नॉर्वे वर्षाला तेरा ते पंधरा लाख टन सॅमन काढतो आणि अँटिबायोटिक लागतं एक टनापेक्षाही कमी. १९८७च्या पंचवीसपट-तीसपट मासा, आणि औषध पन्नासाव्या हिश्शाहून कमी.

मग चिलीने हेच का केलं नाही? केलं. लस तिथेही टोचतात. पण पिसिरिकेटसिया हा जिवाणू माशाच्या पेशींच्या आत शिरून राहतो, त्यातही ज्या पेशींनी त्याला गिळून मारायचं त्याच पेशींत. रक्तातली प्रतिद्रव्यं तिथे सहज पोहोचत नाहीत, आणि लसीचं संरक्षण समुद्रातल्या लांब मुक्कामात उतरत जातं. चिलीच्या शेतकऱ्याला निष्काळजी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. त्याच्यासमोरचा जिवाणू खरोखर अवघड आहे. पण एका खाडीत किती पिंजरे असावेत, ते एकमेकांपासून किती लांब असावेत, हे जिवाणूच्या हातात नाही. ते माणसाने ठरवलेलं आहे.

आपल्याकडे येऊ. सॅमन आपल्याकडे नाही, पण पालघर-रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांच्या काठाने कोळंबीची तळी आहेत, आणि जिताडा, मोडसा यांसारख्या माशांसाठी समुद्रात पिंजरे टाकण्याचे प्रयोग वाढत आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं कोळंबी शेतीत वापरायला देशात बंदी आहे. निर्यातीच्या मालाची तपासणी कडक असते; युरोपीय संघाने २०१६ साली भारतातून येणाऱ्या पाळीव कोळंबीच्या निम्म्या खेपांची औषधांसाठी तपासणी सुरू केली. नॉर्वेतले आकडे उचलून आपल्या खाडीला लावता येणार नाहीत. आपलं पाणी अठ्ठावीस-तीस अंशांचं, तिथलं आठ-दहा. उष्णतेने रासायनिक तोडफोड वेगाने होते, पण उष्णतेनेच गाळ लवकर गुदमरतो, आणि गुदमरलेल्या गाळात औषध कसं अडकतं ते आपण पाहिलं. भरती-ओहोटी गाळ रोज ढवळते, तशीच ती तळ्यातून सोडलेलं पाणी रोज खाडीत दूरवर नेते, आणि त्याच खाडीत कुणी कालवं फोडत असतं, कुणी चिंबोरी धरत असतं.

नॉर्वेत पिंजऱ्याखालच्या तळाची नियमाने पाहणी होते. गाळ वर काढून त्याचा रंग पाहतात, वास घेतात, बुडबुडे येतात का बघतात, त्यात किडे जिवंत आहेत का ते मोजतात. साधी, हाताने करायची तपासणी, आणि तरीही ती तळाबद्दल बरंच सांगून जाते. औषधाचा अंश आणि जनुकं मात्र तिच्यात येत नाहीत. आपल्याकडे तपासली जाते ती कोळंबी. पीक काढल्यावर तळ्याचं पाणी सोडतात, तळ उन्हात सुकवतात, वरचा गाळ खरवडून बांधावर टाकतात, आणि पहिल्या पावसात तो परत खाडीत जातो. कोळंबीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवताना त्याच तळ्याच्या गाळाचा एक डबाही सोबत जावा. तो सुकवून फेकण्याआधी, पावसाआधी.